माझ्या बाजूचा ब्रेक

४ मार्च

आजपासून लिहायचं ठरलंय. ठरलंय म्हणजे मी ठरवलेलं नाही. हॉस्पिटलातल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "भीती वाटली की लिहून काढा. काय होईल असं वाटतंय ते आधी लिहा, खरंच काय झालं ते नंतर लिहा." मी म्हटलं, लिहीन, पण तुम्हाला वाचायला देणार नाही. त्या म्हणाल्या, "हं." त्या सगळ्याला "हं" म्हणतात. मी त्यांचं नाव हंबाई ठेवलंय, अर्थात मनातल्या मनात.

म्हातारपणी वाचताना गोंधळ नको म्हणून सगळं नीट लिहिते. मी मोटार शिकवते. बाबांनी काढलेलं ड्रायव्हिंग स्कूल आता दादा चालवतो आणि बायकांना शिकवायचं काम माझ्याकडे आहे. शिकणारी स्टिअरिंगला, मी शेजारी, आणि माझ्या पायाशी जादा क्लच, जादा ब्रेक. इतक्या वर्षांत माझ्या गाडीला साधा ओरखडा नाही. हे मी गर्वाने लिहितेय, कारण मला गर्व आहे.

दोन वर्षांपूर्वी एका डोळ्याने धूसर दिसायला लागलं. मग उजव्या पायाला मुंग्या आल्या, त्या जाईचनात. तपासण्यांची जत्रा झाली आणि नाव कळलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. आपलंच शरीर आपल्या नसांवरचं आवरण कुरतडतं. कुंपणच शेत खातं, तशातला प्रकार. डोळा सुधारला, पाय सुधारला, औषध चालू आहे. डॉक्टर पायाची ताकद, संवेदना सगळं तपासतात आणि गाडी शिकवायला हरकत नाही असं लेखी देतात. पण परत कधी होईल हे विचारलं की म्हणतात, "सांगता येत नाही." एवढा शिकलेला माणूस, आणि सांगता येत नाही!

तेव्हापासून छातीत धडधडतं. सिग्नलला गाडी उभी असली तरी तळहाताला घाम फुटतो. म्हणून हंबाई.

६ मार्च

दादाने ऑफिसात बोलावून घेतलं. दार लावलं तेव्हाच ओळखलं की काहीतरी शिजलंय.

"काउंटरवरची मुलगी नोकरी सोडतेय. एक मेपासून तू बस तिथे. फोन घ्यायचे, फॉर्म भरून घ्यायचे. मस्त फिरती खुर्ची आणू तुला."

फिरती खुर्ची! मी काय रडणारं पोर आहे, खुळखुळा दाखवला की गप्प बसायला?

"मला शिकवायचंय," मी म्हटलं.

"तुझ्या भल्यासाठीच सांगतोय, छोटे. पाय ऐनवेळी नाही म्हणाला तर? समोर कुणाचं पोर असलं तर?"

 डोळे उघडल्याबरोबर रोज सकाळी मला हेच दिसतं. समोर पोर, पायात जीव नाही. पण ती माझी भीती आहे. मला वाटेल तितकी मी ती बाळगीन. दादाने ती उचलून मलाच दाखवायची नाही. तसं बोलले नाही, नुसतीच दार आपटून आले. दारापेक्षा माझाच खांदा जास्त दुखला.

शिकवणं गेलं तर माझ्याकडे माझं असं काय उरेल? मी कुणाची तरी बहीण, कुणाची तरी बायको आणि कुणाची तरी पेशंट. ते मला नकोय. एप्रिल संपायच्या आत दादाचं मन वळवायचं.

११ मार्च

गॅरेजवाल्याने गाडी वर चढवली. ब्रेकपॅड परत झिजलेत. दादाच्या गाडीचे अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक आहेत. मी म्हटलं, पॅड भिकार निघाले. तो म्हणाला, दोन्ही गाड्यांना एकाच कंपनीचे बसवलेत. मग रस्तेच वाईट आहेत, म्हटलं. दादा आणि मी एकाच रस्त्यांवरून गाड्या फिरवतो हे मला घरी आल्यावर आठवलं.

१५ मार्च

नवीन विद्यार्थीण, बेकरीवाल्या काकू. पन्नाशी कधीच उलटलीय. पावाची गाडी दुकानादुकानांत फिरवणारा ड्रायव्हर एका सकाळी आलाच नाही. सगळा माल बेकरीत पडून राहिला. मुलगे म्हणाले, दुसरा बघू. काकू म्हणाल्या, बघा तुम्ही, तोवर मी शिकून घेते. स्टिअरिंग असं फिरवतात की जणू कणीक तिंबतायत. मला "मास्तरीणबाई" म्हणतात.

"तुमच्या शेजारी बसलं ना मास्तरीणबाई, भीती कशी ती वाटतच नाही. आणि गाडी किती गुणी! सांगायच्या आत थांबते."

मला फार बरं वाटलं. हे दादाला ऐकवायला हवं.

पाय ठीक होता. मी बुटात अंगठा दाबून बघत असते, आहे ना म्हणून. आहे. हंबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "असं दिवसातून किती वेळा बघता?" मी म्हटलं, श्वास किती वेळा घेतला ते कुणी मोजतं का?

"हं."

२२ मार्च

आज गट होता. हाच आजार असलेल्या बायका एका खोलीत गोल बसतात आणि मध्ये कागदी रुमालांचा डबा असतो. मी तो डबा उचलून खिडकीत ठेवला. रडायचं असेल तिने उठून जावं.

एक शाळेतली बाई आहे, ती काठी घेऊन येते. तिला कितीतरी वर्षं सगळे डॉक्टर सांगत होते, हे मनाचे खेळ आहेत, जरा फिरायला जा. शेवटी मेंदूचा फोटो काढला तेव्हा डाग दिसले. ती म्हणाली, "आता भीती वाटते म्हटलं की मलाच लाज वाटते. वाटतं, परत म्हणतील, बघा, मनाचंच होतं." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, आजारही खरा आणि भीतीही खरी. घराला आग लागली म्हणून धूर काही खोटा ठरत नाही. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. हंबाई चक्क "हं" म्हणाल्या नाहीत, हसल्या.

मग गृहपाठ. दिवसभर काळजी आली की तिला सांगायचं, संध्याकाळी ये, आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी बसून मनसोक्त काळजी करायची. म्हणजे आता काळजीनेही अपॉइंटमेंट घेऊन यायचं. खुळचटपणा!

२४ मार्च

केलं. चहा घेऊन खुर्चीत बसले, आता या म्हटलं. काही येईचना. आली ती भलतीच, गॅस बंद केलाय का याची. उठून बघितलं, बंद होता. हे हंबाईंना अजिबात सांगणार नाही.

२ एप्रिल

आरशात मागे एक स्कूटर. काकू वळल्या की ती वळते, आम्ही थांबलो की तीही थांबते. हेल्मेट ओळखीचं. त्यावरचं स्टिकर मीच चिकटवलेलं. नवरा!

काकूंना गाडी कडेला घ्यायला लावली आणि उतरून सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"इकडे कुठे?"

"इकडून जात होतो."

"तुझी बँक तिकडे आहे. आणि हे कधीपासून चाललंय?"

त्याने हेल्मेट काढलं. मग म्हणाला, "तुला काही झालं तर?"

"तर फोन करीन. मला तोंड आहे. आणि ते किती चालतं हे तुझ्याइतकं कुणाला माहितीय?"

हसला, पण डोळे भरले होते. मला कीव यायला हवी होती, आला मात्र राग. अरे, जो उठतो तो माझ्यावर लक्ष ठेवतो! मी काय दुधाचं पातेलं आहे, उतू जाईल म्हणून? माझं मला काही करू देणार आहात की नाही? हे सगळं त्याला रस्त्यात सुनावलं. काकू काच खाली करून ऐकत होत्या. परत गाडीत बसले तर म्हणाल्या, "गुणी आहे हो तुमचा नवरा." मी म्हटलं, पुढे बघा. बोलता बोलता चौक आला, गाडी थांबली.

१० एप्रिल

काकू लायसन्सच्या टेस्टमध्ये नापास. थांबायच्या रेषेवरून गाडी तशीच पुढे गेली. माझी दुसरी विद्यार्थीणही नापास, तीही तिथेच. दादाची सगळी मुलं पास. परीक्षा घेणाऱ्या साहेबाला बायकांनी गाडी चालवलेली बघवत नसणार. तसं तोंडावर म्हणणार होते. दादाने हाताला धरून बाजूला नेलं आणि म्हणाला, "छोटे, मे महिना जवळ आलाय." एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं.

११ एप्रिल

हे लिहायला हात उचलत नाहीये. तरी लिहिते.

सकाळी बेकरीत गेले, काकूंना धीर द्यायला. त्या तव्याएवढ्या ट्रेमधले पाव उलटे करून काढत होत्या. मी म्हटलं, मनाला लावून घेऊ नका, साहेबच खडूस आहे. त्या म्हणाल्या, "साहेब चांगला होता की! पाणी दिलं मला. गाडीच वाईट होती."

"गाडी आपलीच होती, काकू."

"आपली कशी असेल? आपली रेषेपाशी आपोआप थांबते. मी बसलेय वाट बघत, आता थांबेल, मग थांबेल. साहेब ओरडले, अहो ब्रेक! मी म्हटलं, थांबा हो जरा, थांबतेय ती."

मी हसले. काकूही हसल्या. आणि मग मला माझा पाय आठवला.

गाडी आपोआप थांबत नव्हती, मी थांबवत होते. प्रत्येक चौकात, प्रत्येक रेषेपाशी, काकूंचा पाय हलायच्या आत माझा पाय ब्रेकवर गेलेला असायचा. दुसरीचंही तेच झालं असणार. त्यांना वाटत होतं गाडी गुणी आहे, मला वाटत होतं मी गुणी आहे. गर्वाने लिहिलं होतं ना, ओरखडा नाही म्हणून? कसा असेल? माझ्या गाडीत माझ्याशिवाय कुणी ब्रेक मारतच नाही. ब्रेक न मारणाऱ्या बायका मी रस्त्यावर सोडायला निघाले होते.

काकूंना सांगितलं. त्यांनी कमरेवर हात ठेवले. "म्हणजे मला गाडी येतच नाही?"

"निम्मी येते."

"मग उरलेली निम्मी शिकवा. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. आज ना उद्या मला एकटीनेच चालवायचीय."

हातात गरम पावांची पिशवी कोंबली आणि मला बाहेर काढलं, कारण गिऱ्हाइकं खोळंबली होती.

१४ एप्रिल

हंबाईंकडे गेले ती भांडायच्याच तयारीने. म्हटलं, तुमचं ते लिहिणं आणि अपॉइंटमेंटा बास झाल्या. दादाचं बरोबर आहे, मी आता या कामाच्या लायकीची राहिले नाही.

त्यांनी विचारलं, "ब्रेक दाबताना तुम्ही गाडी थांबवत असता का?"

"मग काय करत असते?"

काही बोलल्याच नाहीत, "हं" सुद्धा नाही. गप्प बसलेल्या माणसापुढे मला राहवत नाही. मीच बोलायला लागले. आणि बोलता बोलता ऐकलं की मी म्हणतेय, मी पायाला विचारत असते, आहेस ना? तो म्हणतो, आहे. बरं वाटतं. पुढचा चौक आला की परत विचारते.

"त्याच्या उत्तरावर तुमचा विश्वास किती वेळ टिकतो?"

"चौक येईपर्यंत."

मग मी रडले. खोली गटाचीच, कागदी रुमालांचा डबा अजून खिडकीतच होता, स्वतःच्या नियमाप्रमाणे उठून घ्यावा लागला.

त्या म्हणाल्या, पाय पुन्हा कधीच बधिर होणार नाही असं मी सांगू शकत नाही, आणि तसं कुणी सांगितलं तरी तुम्ही परत विचारालच. आपल्याला शिकायचंय ते न विचारता बसायला. भीती येईल, चढेल. तिला हाकलायचं नाही आणि तिचं ऐकायचंही नाही. नुसतं बसायचं, ती उतरेपर्यंत. आधी सुरक्षित जागी करून बघा.

पहिल्यांदाच मी त्यांना "हं" म्हटलं.

१८ एप्रिल

बंद पडलेल्या कारखान्याचं आवार. दरवानाला काकूंनी आधीच केक देऊन आपलासा केला होता. बेकरीतली पुठ्ठ्याची रिकामी खोकी रांगेने मांडली. ही खोकी म्हणजे माणसं. काकूंनी त्यांना नावंही ठेवली. पहिलं खोकं थोरला मुलगा, दुसरं धाकटा, तिसरं पळून गेलेला ड्रायव्हर.

काय होईल असं वाटतं: काकू सगळी खोकी चिरडणार, मला छातीत कळ येणार, दरवानाला अँब्युलन्स बोलवावी लागणार.

पाय मागे घेऊन सीटखाली सारले. काकू निघाल्या. खोकं जवळ यायला लागलं आणि माझा पाय असा वळवळला की काय सांगू, चपलेखाली झुरळ असल्यासारखा.  कान गरम. नाही दाबला. पहिलं खोकं गेलं चिरडून. "गेला थोरला!" काकू म्हणाल्या. दुसऱ्यापाशी त्यांनी ब्रेक असा मारला की माझं डोकं पुढे गेलं. पण थांबल्या! स्वतःच्या पायाने. तिसऱ्यापाशी तर अलगद, सायीवर चमचा ठेवावा तशा.

"ड्रायव्हरला कशाला वाचवलंत?" मी विचारलं.

"परत आला तर त्याला दाखवायचंय ना."

खरंच काय झालं: एक खोकं गेलं. कळ आली नाही. भीती वर चढली, वरच बसली, आणि मग कंटाळून खाली आली. मी तिच्यासाठी काहीच केलं नाही.

मी भिते. भितेच. पण म्हणून खुर्चीत जाऊन बसणार नाही.

२३ एप्रिल

आता रस्त्यावर. इथे पाय सीटखाली ठेवून चालत नाही, समोर खोकी नाहीत, माणसं आहेत. पाय ब्रेकच्या शेजारी चटईवर. खरी गरज पडली तर दाबायचा. पायाची विचारपूस करायला दाबायचा नाही. एकदाच दाबला, सायकलवाला आडवा आला तेव्हा. तो हक्काचा होता. बाकी सगळे काकूंचे. घरी आले तेव्हा कपडे पिळून काढण्याइतका घाम. नवऱ्याने तोंड उघडलं, मग मिटलं आणि चहा टाकला. पाय कसा आहे हे त्याने विचारलं नाही. बिचाऱ्याचा जीव किती कासावीस झाला असेल. तोही शिकतोय.

२८ एप्रिल

आज तेच झालं, ज्याला मी दोन वर्षं घाबरत होते.

ऊन मी म्हणत होतं. गाडीचा एसी वाटेत बंद पडला. बाजाराजवळच्या गर्दीत आलो आणि उजवा पाय गेला. गेला म्हणजे दुखला नाही, नुसता परका झाला. अंगठा दाबला, उत्तर नाही. समोर गर्दी. पोरंही होती, हो, दादाच्या बोलण्यातली आणि माझ्या रोज सकाळच्या भीतीतली.

माझी धडधड अशी की काकूंना ऐकू जाईल. पण तोंडातून शब्द निघाले ते सरळ, रोज सांगते त्याच आवाजात. "काकू, माझा पाय आत्ता चालत नाहीये. माझा ब्रेक नाही असं समजा. आरसा बघा, इंडिकेटर द्या, कडेला घेऊन थांबवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आरसा पाहिला. इंडिकेटर दिला. एका पोराला जाऊ दिलं. गाडी कडेला लागली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. मग म्हणाल्या, "आता मी घाबरू का?" मी म्हटलं, आता घाबरा. दोघी खूप हसलो. मग त्यांनी बाटलीतलं पाणी माझ्या मानेवर ओतलं.

दादाला फोन केला. मीच केला.

तो आला तो तणतणत. "बघ! म्हणत होतो ना मी?" रस्ताभर तेच.  भांडायला अंगात त्राण नव्हतं, आणि जरा रडू येत होतं.

डॉक्टरांनी संध्याकाळी तपासलं. नवीन झटका नाही. उष्णतेने जुनी जागा दुखावते, अंग निवलं की पायातली संवेदना परत येते. खरंच परत आली. तरी थोडे दिवस शिकवायचं नाही, मग पुन्हा तपासून ठरवू, आणि एसी नसेल तर गाडीत पाऊल टाकायचं नाही. मी मान डोलावली. हे सगळं मला पटलं.

३० एप्रिल

आज काकूंची दुसरी टेस्ट होती. मी घरी, म्हणून दादा त्यांना घेऊन गेला. दुपारी दादा एकटाच घरी आला. नवऱ्याने दार उघडलं आणि काहीतरी काम आठवल्यासारखं करून आत निघून गेला.

"पास झाल्या," दादा म्हणाला. "रेषेच्या आत वीतभर. साहेब म्हणाला, इतकी स्वच्छ थांबवलेली गाडी आज दुसरी नाही. आणि येताना तुझ्या काकूंनी मला फाडून खाल्लं."

"काय म्हणाल्या?"

"ते सांगण्यासारखं नाही." तो बसला.  "परवा मला किती भीती वाटली माहितीय तुला?"

"माहितीय. मला त्याच्या दुप्पट वाटली. पण गाडी कुणाला लागली?"

"नाही लागली."

"थांबवली कुणी?"

"त्यांनी."

"त्यांना शिकवलं कुणी?"

उत्तरासाठी मी थांबले नाही. मी म्हटलं, "दादा, ऐक. ज्या दिवशी पाय नाही म्हणेल, त्या दिवशी मी गाडीत बसणार नाही. डॉक्टर नाही म्हणाले तरी नाही. कायमचं नाही म्हणाले तर कायमचं नाही, आणि मग फोन घ्यायचे की आणखी काही करायचं ते मी बघीन. पण तू आधीच उठवायचं नाहीस मला. फिरत्या खुर्चीवर तर नाहीच नाही."

"आणि पाय बिघडलाय हे मला कळणार कसं? लपवलंस तर?"

"परवा कसं कळलं तुला?"

 फोन मी केला होता. गर्दीत, घामाने भिजलेली, आयुष्यातली सगळ्यात मोठी भीती मांडीवर घेऊन, पहिला फोन मी त्यालाच केला होता.

तो उठला. दारापर्यंत गेला, परत आला. "पुढच्या आठवड्यात एक नवीन मुलगी येतेय शिकायला. घेतेस?"

"डॉक्टर हो म्हणाले तर घेते."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर तू घे. पण सांगून ठेवते, ब्रेक तिचा तिलाच मारू दे."